चोपडलेली डोकी

इनामदारबाईंनी पाचव्या मुलीच्या केसांवर कंगवा घासून कागदाच्या कपट्यांवर धरला. कपटे ढिम्म. तपासणीला साहेब येणार म्हणून हेडसरांनी मुलींना डोकी तेलाने चोपडून यायला लावलं होतं, आणि तेलकट केसांवर घासलेला कंगवा कागद ओढत नाही. साहेबांचा शेरा चांगला आला तरच बाई नोकरीत कायम होणार होत्या.

“हात न लावता वस्तू हलवून दाखवणार होतात ना, बाई?” साहेबांनी विचारलं आणि सहज मागे पाहिलं. मागच्या बाकावरचे हेडसर ताडकन उभे राहिले.

“बाई, हललं,” पुढच्या बाकावरची शाल्मली म्हणाली.

बाईंनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी मान हलवली, हेडसर बसले. साहेबांनी भुवई उचलली, हेडसर पुन्हा उठले. मग साहेबांनी शेरा लिहिला : ‘प्रयोग यशस्वी. शैक्षणिक साहित्य शाळेतच उपलब्ध.’