मुकी हळद

तोंडात गरम वडा धरून गाणारी बाई.

सुपात सोललेले सोडे.

फ्रान्स कुठल्या बाजूला, असं विचारलं की निकेश उरणच्या दिशेने हात करायचा.

गाण्याच्या मधोमध एक शिट्टी.

दारात पांढरी गाडी, काच अर्धी खाली.

हळद.

हळद कालवून झाली होती. स्नेहल चौरंगावर बसली होती. मांडव नव्हता, डीजे नव्हता. विधवेचं दुसरं लग्न, त्याला पाट म्हणतात. तो घरातल्या घरात उरकतात. घरही माहेरचं नव्हतं. सासूच सुनेला उजवत होती. बाहेर गाडीत होणारा नवरा, उरणचा केतन थांबला होता, स्नेहलला घेऊन जायला.

कमळाबाईने आंब्याचं पान हळदीत बुडवलं, सुनेच्या पायाशी नेलं, आणि हात तिथेच थांबला.

"काय झालं?" तिची मोठी जाऊ शांती म्हणाली.

"तोंड उघडू?"

"नको. पाटाला धवला नसतो. तुला मी सांगायला पायजे?"

तिला सांगायची गरज नव्हती. इथल्या लग्नात विधी पुढे सरकतो तो धवल्याच्या गाण्याने, आणि पनवेलच्या या बाजूला धवलारीण म्हणजे कमळाबाईच. याच पायांना, आपल्या मुलाच्या, निकेशच्या लग्नात, तिनेच गात गात हळद लावली होती. गाण्याशिवाय हळद लावायची तिच्या हाताला सवय नव्हती. पावलांवर किती वेळ थांबायचं, गुडघ्यावर कधी जायचं, ते गाणंच सांगायचं.

"लाव ना मुकाट. गाडीवाला खोळंबलाय."

"मुकी हळद मयताला लावतात, शांतीवयनी. माझी पोर जिती हाय."

पानावरून एक थेंब लादीवर पडला. कुणी पुसला नाही.

"बाय," कमळाबाई सुनेला म्हणाली, "फोन काढ. निक्याचं गानं लाव."

"आय, आता?"

"लाव गं. ती गरम वडावाली."

निकेश कामाला होता ती बोट परत आली होती, तो आला नव्हता. त्यानंतरच्या दुपारी दोघींनी सोडे सोलत गाण्यातल्या त्या फ्रेंच पोरीसोबत काढल्या. एक इअरफोन हिच्या कानात, एक तिच्या. आधी त्याने पाठवलेलं शेवटचं गाणं म्हणून. नंतर आवडलं म्हणून. मग तिची आणखी गाणी शोधली, मग तिच्यासारख्या दुसऱ्या पोरींची. पण दिवस संपताना पुन्हा हेच. 'ओरडत नाय बघ ही,' कमळाबाई म्हणायची, 'कानाशी येऊन सांगते.' काय सांगते ते दोघींना ठाऊक नव्हतं. शांतीची नात कोमल कॉलेजात फ्रेंच शिकते. ती अर्थ सांगायला आली तेव्हा कमळाबाईने तिला चहा पाजून परत पाठवलं. 'तू गप. आमचं आमी लावलंय.' लावलेला अर्थ रोज बदलायचा. कधी त्या पोरीचा नवऱ्याशी अबोला असायचा, कधी तिची एसटी चुकलेली असायची. बाजारात जवळा महागला की त्या दिवशी तीही भावावरच बोलायची.

गाणं सुरू झालं. परातीशेजारी फोन, खालून संथ ठेका, वर ती पोरगी.

शांतीने तोंडाला पदर लावला. "अगं, हे कसलं? लोक काय म्हनतील?"

"याला तुझा नेम लागू नाय," कमळाबाई म्हणाली. "हे आपल्यातलं नाय."

हात हलला.

पावलं. गुडघे. गाणं सांगेल तसा. शब्द तिला तोंडपाठ होते, अर्थ एकाचाही नाही. ती म्हणू लागली, कानाशी येऊन नाही, धवल्याच्या उघड्या, खड्या आवाजात. न्हावा शेव्याकडे निघालेले ट्रेलर रस्त्यावर घरघरत होते, त्यांच्याही वर. गाडीतल्या केतनने काच पूर्ण खाली केली. आत डोकावला नाही.

खांदे.

"आय, तुमच्या फोनवर टाकून देते हे," स्नेहल म्हणाली.

"नको."

"दुपारची ऐकाल."

"एकटीला नाय कळायचं ते."

कपाळ राहिलं होतं. गाणं शिट्टीपाशी आलं. इथे रोज कमळाबाई थांबायची आणि शिट्टी स्नेहल वाजवायची. सुनेने घरात शिट्टी वाजवलेली खपवून घेणारी गावात ही एकच सासू. आजही ती थांबली. पान कपाळाजवळ धरलेलं, हळद मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत आलेली.

स्नेहलने ओठ जुळवले. नुसती हवा आली.

पुन्हा जुळवले. हवाच.

निकेशला खरं तर ते गाणं आवडत नव्हतं. बोटीवर त्याच्या खोलीत एक फ्रेंच गडी होता, तो दिवसभर तेच लावायचा. वैतागून एकदा त्याने ते बायकोला पाठवलं, बघ मला काय सोसावं लागतं म्हणून.