गुलेदचं पहिलं मत

"आपण अमेरिकेत पोचलो, आईचेही कागद झालेत. आता बाकीची गर्दी पुरे!" असं मलाच, सख्ख्या बहिणीला, ऐकवून गुलेदने देशात दरवर्षी घ्यायच्या निर्वासितांचा आकडा कमी करीन म्हणणाऱ्याला मत दिलं. वर 'मी मत दिलं'चा स्टिकर छातीवर लावून आईला फोटो पाठवला. केनियातल्या छावणीत तिने तो घरोघर मिरवला.

नवं सरकार आलं त्याच आठवड्यात, गुरुवारी तिचं विमान होतं. तिने झोपडी शेजारणीला दिली, रेशनकार्ड परत केलं. मंगळवारी नव्या सरकारने आकडा घटवला आणि विमान रद्द झालं.

फोनवर गुलेद रडायलाच लागला. शेवटी आईनेच त्याला धीर दिला.



"रडतोस काय वेड्या? तुझाच माणूस निवडून आलाय ना? जा, त्याला सांग, माझी आई यायची राहिलीय."