पुढे गेलेला पास

गुडघा गेल्यावर रग्बी खेळणं सुटलं, तेव्हा कुंदानं रेफ्रीची शिट्टी गळ्यात घातली. आपल्या संघातल्या मुलींजवळ राहता तरी येईल, एवढीच तिची आस होती.

फायनलला तिचाच जुना संघ होता. शेवटच्या मिनिटाला कॅप्टन यमुनानं पास दिला आणि मालन विजयाच्या गुणांसाठी रेषेपलीकडे झेपावली. कुंदानं शिट्टी फुंकून गुण नाकारले. रग्बीत चेंडू मागेच टाकायचा असतो. हात मागे वळवून तो हळूच पुढे सोडायची लबाडी आजवर एकाही रेफ्रीला दिसली नव्हती. कुंदाला दिसली, कारण शिकवणारी तीच होती.

यमुना धावत आली. "ताई, अगं तुझाच पास की हा!"

"पुढे गेला," कुंदा खाली बघत म्हणाली.

सामना हरल्यावर रिवाजाप्रमाणे मुली रेफ्रीशी हात मिळवायला आल्या.

"थँक यू, मॅडम," यमुना म्हणाली. मागच्या अकराजणीही मॅडमच म्हणाल्या.