हत्तीचा शिक्का

"सिविक सेंटरच्या बाजारातून औषध घेऊन येतो," असं तापाने पडलेल्या धाकट्या मोनूला सांगून दिपालीने तिला शेजारच्या सिंधुताईंच्या हवाली केलं आणि थोरल्या गुंजनला पार्कात नेलं. गुंजनचा वाढदिवस होता.

तिथे मुलांसाठी प्लास्टिकचं जंगल उभारलं होतं. दारातल्या मुलीने गुंजनच्या मनगटावर निळ्या हत्तीचा शिक्का मारला. आईबाप फोटो काढत होते, हसत होते. दिपालीलाही बरं वाटू लागलं.

तेवढ्यात सिंहाच्या गुहेतून खोकला ऐकू आला. कोरडा, शेवटी बारीक शिट्टी वाजणारा. मोनू तसाच खोकायची.

गुंजन तर समोर झोक्यावर होती. खोकला पुन्हा आला. बाकी कोणी वळूनही पाहिलं नाही. गुहेचं तोंड दिपालीच्या गुडघ्याशी होतं, नुसतं वाकायचं होतं. ती वाकली नाही. गुंजनचा हात ओढत ती बाहेर पडली.

"तुम्ही गेल्यापासून झोपूनच आहे पोरगी," सिंधुताई म्हणाल्या.

मोनूचा हात पांघरुणाबाहेर आला होता. मनगटावरचा निळा हत्ती अजून ओला होता.

डोळे न उघडताच ती म्हणाली, "आई, तू वाकून कावून नाही पाह्यलं?"