उजव्या हाताची नखं

निवृत्तीनंतर गिटार शिकायला लागलेल्या एलादियोच्या बोटांत एक अवघड रचना वर्षभर घोटल्यावर कुठे बसली होती. एकाच तारेवर तीन नखं भराभर फिरली की सूर अखंड झरायचा. त्यासाठी उजव्या हाताची नखं त्याने जिवापाड जपली होती. भांडीसुद्धा तो डाव्या हाताने घासायचा. आज संध्याकाळी कोर्दोबा शहरातल्या जाणकारांसमोर तो पहिल्यांदाच वाजवणार होता.

“जरा पड, बाळा. उठवते मी वेळेवर,” आई म्हणाली. दुपारच्या उन्हात सगळी गल्लीच झोपली होती. आरामखुर्चीत त्यालाही गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा त्याचा उजवा हात आईच्या मांडीवर होता आणि तिच्या हातात कात्री. पाचही बोटं बोडकी झाली होती. नव्वदीच्या आईवर ओरडणार तरी कसं? ती तर चष्म्याआडून समाधानाने हसत होती.



“डाव्या हाताची तेवढी कापलीस आणि उजव्याची विसरलास, वेंधळ्या! अरे, चारचौघांत वाजवायला बसणार, तर लोक तुझ्या हातांकडेच बघणार ना?”