हनुवटीवरचे डाग

लग्नाचे फोटो काढायचा धंदा सुरू करायचा म्हणून संगीता दिग्रसच्या दुकानात तासाभरापासून दोन मिररलेस कॅमेरे पुढ्यात घेऊन बसली होती. दोन्ही नवशिक्यांसाठीचेच, किंमतही जवळपास सारखी. मन काही ठरत नव्हतं. शेवटी दुकानदाराने सोबत आलेल्या तिच्या आजीला, रुपीबाईला, स्टुलावर बसवलं, दोन्ही कॅमेऱ्यांनी तिचा एकेक फोटो काढला आणि ते दोन्ही कॉम्प्युटरवर शेजारी-शेजारी लावले.

"हा पहिला. जसं हाय तसं. अन् हा पाहा दुसरा! सुरकुत्या गायब, रंग उजळ, हनुवटीवरचे डागही साफ. नवरीवाले असाच फोटो मागून राह्यले, ताई."

संगीताची मान डोलू लागली. रुपीबाई मात्र उठली, पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेली आणि तिचा हात आपोआप हनुवटीवर गेला.

"डाग कायले म्हन्तं रे? गोंदन हाय ते! माह्या मायनं सोताच्या हातानं गोंदलं. तीन दिवस तोंड सुजलं होतं माह्यं."

"चिडू नका आजी, सेटिंग हाय ते. बंद करता येते."

"मंग मले न इचारता चालू काहून केली?" रुपीबाईचा आवाज चढला. "मेल्यावर अंगावरची चांदी पोरं काढून घेतीन, लुगडं जळून जाईन. संग येनार ते एवढंच. तेही तू पुसलं, तं वर माय मले कायच्यावरून वळखन?"