दोन हाका

"कुणाचं गाणं कुठलं ते आधी सांगायचं नाही हं," मास्तरांनी रेकॉर्डिस्टला दम भरला. "आणि तोंड तिकडे कर. तुझ्या चेहऱ्यावर सगळं वाचता येतं."

रेकॉर्डिस्टने पंखा बंद केला आणि पाठ फिरवली. ट्रॅकवाली कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. समोरचा चहा केव्हाच गार झाला होता.

ट्रॅकवाली हे काही तिचं नाव नव्हे, पण स्टुडिओत तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. मोठ्या बाई म्हणजे नावाजलेल्या गायिका, त्यांना वेळ नसायचा. मग आधी हिने गाणं गाऊन ठेवायचं, त्याला ट्रॅक म्हणायचं. बाई तो घरी नेऊन ऐकायच्या, सवडीने येऊन तस्संच गायच्या, आणि हिचा आवाज पुसून टाकला जायचा. वर्षानुवर्षं हेच. गाणं बाईंच्या तोंडी कसं वाटेल ते आधीच कळावं, म्हणून हिने आपला गळा बाईंच्या गळ्यावर बेतून घेतला होता. इतका, की वाजवणारेसुद्धा फसायचे. पोटासाठी माणूस काय काय करतं! तिचा स्वतःचा आवाज कसा होता, हे आता तिलाही सांगता आलं नसतं.

पण या गाण्याची गोष्ट वेगळी होती. तिन्हीसांजेला आई पोरीला खेळातून घरी बोलावते, एवढंच ते गाणं. मास्तरांनी चाल बांधली तेव्हा हिची मुलगी हसतीखेळती होती. ट्रॅक गायची वेळ आली तेव्हा ती नव्हती. साध्या तापाचं निमित्त झालं.

"जमेल का गं तुला? नाहीतर दुसरी कुणी बघतो," मास्तर तेव्हा म्हणाले होते.

"घर खायला उठतं, मास्तर. गाते मी."

आणि गायली. दुसऱ्या कडव्यात 'खेळ पुरे झाला, ये आता घरी' ही ओळ आली आणि 'ये' म्हणताना तिचा आवाज फुटला. वाजवणाऱ्यांनी माना खाली घातल्या. मास्तरांनी ती ओळ पुन्हा घेतली नाही. मोठ्या बाईंनी ट्रॅक घरी नेला आणि काल येऊन गाऊन गेल्या. त्या हुंदक्यासकट.

तेव्हापासून मास्तर येरझारा घालत होते. "निर्मात्याला बाईंचंच नाव हवं असेल, तर तो गेला उडत," ते म्हणाले. "जन्मात एकदा तरी जे चांगलं तेच ठेवणार. पण मला ठरवता येईना गं. दोन्ही ऐकली की डोकं चालत नाही. तूच सांग. आई तू आहेस. तू म्हणशील ते राहील, दुसरं पुसून टाकू."

तिला नाव नको होतं. आपला आवाज पुसला जायची तिला सवय होती. पण तो हुंदका पुसला जाऊ नये, एवढंच तिला वाटत होतं. पोरीचं दुसरं काय उरलं होतं? कपडे देऊन टाकले होते. घरी यायला उशीर झाला की पोर चपला हातात घ्यायची आणि दार हळूच लोटून मांजरीसारखी आत शिरायची. त्या चपला तेवढ्या दाराशी होत्या.

रेकॉर्डिस्टने पहिलं गाणं लावलं.

सूर चोख होता. श्वास जागच्या जागी. दुसऱ्या कडव्यात 'ये'वर आवाज फुटला, पण तिच्या काळजात काही हललं नाही. बाईंना मूलबाळ नाही, बिचाऱ्यांनी कुठून आणावी ती हाक, असं तिच्या मनात आलं.

मग दुसरं लागलं. पहिल्याच ओळीला तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. 'ये आता घरी' आलं आणि दार हळूच लोटलं गेलं. चपला हातात, गुडघ्याला माती, रागावू नको ना म्हणणारे ते डोळे. ट्रॅकवाली हमसाहमशी रडू लागली. पोर गेल्यापासून एकदाही ती डोळ्यांपुढे अशी उभी राहिली नव्हती. 

"दुसरं," ती डोळे पुसत म्हणाली. "दुसरं माझं आहे. पहिल्यात बाई ठरवून रडल्यात, मास्तर. जिचं काही गेलेलं नसतं, ती अशी रडते."

"सुटलो गं!" मास्तरांनी हात जोडले. "मलाही दुसरंच वाटत होतं. चल रे, पहिलं पुसून टाक."

रेकॉर्डिस्ट हलला नाही. त्याची पाठ अजून त्यांच्याकडेच होती.

"अरे, ऐकलंस ना?"

"ताई," तो वळून म्हणाला, आणि मास्तर म्हणाले होते तसं त्याच्या चेहऱ्यावर सगळं वाचता येत होतं. "दुसरं मोठ्या बाईंचं आहे. पहिलं तुमचं."

 मग ट्रॅकवालीने पहिलं पुन्हा लावायला सांगितलं. डोळे मिटून, सगळा जीव कानात आणून तिने ते शेवटपर्यंत ऐकलं. ते संपताच मास्तर पुढे झाले. "ऐक माझं, आपण तुझंच ठेवू. हे कुणाला कळायचंही कारण नाही," ते म्हणाले.

"नको. बाईंचंच ठेवा," ती उठत म्हणाली. "त्यांनी हाक मारली तेव्हा माझी पोर आली, मास्तर. माझ्या हाकेला आली नाही."